रायर आणि त्यांचा निर्दोष नायक

तंजावरच्या राजवाड्यात दोघे जण पाहुण्याची वाट बघत असतात. एक सर्फोजी महाराज, दरबार हॉलमधले, पांढऱ्या संगमरवराचे. दुसरे रायर. महाराजांना बघायला तिकीट पडतं, रायर फुकट आहेत. फरक एवढाच की महाराजांसमोरून केव्हाही निघता येतं.

रायर हे नाव नव्हे. तमिळ शेजारपाजार मराठी देशस्थाला सरसकट रायर म्हणतो आणि त्याच्या बायकोला मामी. तंजावरच्या राजवीथ्यांपासून चेन्नईच्या मांबळमपर्यंत असे रायर पसरले आहेत: तंजावरचे पहिले मराठी राजे वेंकोजी यांच्याबरोबर किंवा त्यांच्या मागून आलेल्या चिटणिसांचे, पंडितांचे, हिशेबनिसांचे वंशज. इथं मी सांगतोय ते रायर चार-पाच जणांचे मिळून एक झालेत, तेव्हा कोणी अंगाला लावून घेऊ नये. लावून घेतलंच तर पाचही जण घेतील आणि पाचही जणांना त्याचा आनंद होईल.

धुवट वेष्टी, कपाळावर गोपीचंदन, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि काखेत तांबूलाची पिशवी. तमिळ लग्नात नारळ-विडा घालून पाहुण्यांच्या हाती देतात ती. पिशवीवर कुणा नवरा-नवरीची नावं आणि मुहूर्त छापलेला, आत कादंबरीचं हस्तलिखित. पिशवीतलं लग्न एका सकाळीत उरकलेलं आहे. कादंबरीतलं अजून ठरायचं आहे.

रायर हिशेब खात्यातून निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांनी कादंबरी सुरू केली. ऐतिहासिक, प्रेमाची, आणि सोवळी. 'सार, आमच्या कादंबरीत एकही ओळ अशी नाही की नातीनं मोठ्यानं वाचली तर आजीला उठून स्वयंपाकघरात जावं लागेल.' काळ सर्फोजी महाराजांचा. १७९९ च्या तहानं राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीनं घेतला. महाराजांकडे किल्ला राहिला, वर्षाला एक लाख पागोडे आणि वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला, आणि वेळ राहिला. त्या वेळाचं महाराजांनी काय केलं ते सरस्वती महाल ग्रंथालयात मांडलेलं आहे. रायरांचं मत असं की राज्य गेल्यावर माणूस एक तर बिघडतो, नाही तर सुधारतो. महाराज सुधारले, म्हणून त्यांच्या दरबारात एक बिघडलेला तरुण असायलाच पाहिजे. तो नायक. एका चिटणिसाची विद्वान कन्या, ती नायिका. तिच्यासाठी तो सुधारतो. एवढंच कथानक.

अडचण पहिल्याच प्रकरणात आली. सुधारायचं तर आधी बिघडलेलं दाखवायला हवं. पहिल्या खर्ड्यात नायक दारू प्यायचा. पण प्यायचा म्हटलं की पेला आला, पेला आला की वास आला, आणि वर्णन करायचं तर लेखकाला अनुभव हवा. दारू गेली. दुसऱ्या खर्ड्यात तो नाचगाण्याला बसायचा. तंजावरला त्याची काय वाण? चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चौघे भाऊ तिथंच होते, भरतनाट्यमचा आजचा क्रम त्यांनीच बसवला. पण नाच आला म्हणजे नाचणारी आली. नाचणारीही गेली. तिसऱ्यात सोंगट्या पैसे लावून. मामींनी आठवण दिली की रायरांचे वडील तेच करायचे. चौथ्यात तपकीर. पाचव्यात नायक उशिरा उठायचा. मी वाचला तो नववा खर्डा असावा. त्यात या अधःपतित तरुणाचं पाप एकच उरलं होतं: महाराजांच्या ग्रंथालयातली पोथी तो वेळेवर परत करत नाही.

'हे पाप आहे?' मी विचारलं.

रायरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याकडे कुणाची किती पुस्तकं आहेत ते मला एकेक आठवायला लागलं.

खलनायकाचं जमलं होतं. सरस्वती महालाच्या संग्रहालयात शार्ल ल ब्रँची चित्रं आहेत, माणसाचं तोंड आणि शेजारी तसंच दिसणारं जनावर. रायरांनी त्यातला एक चेहरा उचलून खलनायकाला लावला, म्हणजे स्वभाव वेगळा लिहायला नको. तिथंच चिनी शिक्षांची चित्रंही आहेत. शेवटी खलनायकाला त्यातली एखादी द्यावी असा विचार होता, पण चित्रं जवळून पाहिल्यावर रायर घरी जाऊन झोपले. आता खलनायक काशीयात्रेला जातो. महाराजही पुढं काशीयात्रा करून आले, त्यामुळे तो वाटेत सुधारण्याचीही सोय राहते. रायरांच्या कादंबरीत कोणालाच फार दिवस वाईट राहता येत नाही.

नायक-नायिकेची भेट हा दुसरा पेच. एका खोलीत दोघांना आणायचं नाही हा नियम. मध्ये चिकाचा पडदा. पडद्याखालून तिच्या पायाचं बोट दिसे, बोट काढलं. मग नुसती बांगडी वाजे. एका उन्हाळ्यात बांगडीबद्दलही शंका आली. आता पडद्यापलीकडून 'बालबोध मुक्तावली'ची पानं उलटल्याचा आवाज येतो. महाराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेऊन १८०६ मध्ये इथंच छापवल्या, त्या. कोल्हा आणि द्राक्षं हे पान उलटलं गेलं की नायकाच्या छातीत धडधडतं. द्राक्षं मिळत नाहीत तेव्हाच प्रेम खरं, असं रायरांनी मला समजावलं. इसापला हे पटलं असतं की नाही कोण जाणे.

कादंबरीला खरं वळण लागलं ते अमेरिकेत. रायरांचा मुलगा फिलाडेल्फियाजवळ असतो. सहा महिने तिथं राहायला गेले. थंडीत बाहेर पडवेना, सून गाडीनं गावच्या वाचनालयात सोडायची. तिथं रायरांना एक अख्खं कपाट सापडलं. जुन्या अमेरिकेतल्या प्रेमकथा: वसाहतीतले शेतकरी, लोहार, पाद्र्याची मुलगी, दारू सोडणारा विधुर. आणि सगळ्या सोवळ्या. तिकडे ही वेगळी जातच आहे म्हणे, वाचक मागून घेतात, मागच्या पानावर तशी हमी असते. आपल्यासारखा विचार करणारी माणसं जगात आहेत, आणि ती पैसे देऊन पुस्तकं घेतात, या दोन्ही बातम्या रायरांना एकाच दुपारी कळल्या. त्या आनंदात त्यांनी एक कादंबरी शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर चुंबन होतं. एकच, लग्न ठरल्यावर, तेही अंगणात. रायरांनी पुस्तक परत केलं आणि सुनेला सांगितलं, 'यांचं सोवळं धुतलेलं आहे, वाळलेलं नाही.'

पण तिथंच त्यांना बेंजामिन फ्रँकलिन भेटला. त्याच्या आत्मचरित्रात तेरा सद्गुणांची वही आहे. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर अशी सुरुवात, तेरावी नम्रता. दर सद्गुणाला एक पान, पानावर तेरा ओळी आणि वाराचे सात रकाने. चुकलं की त्या घरात काळा ठिपका. आठवड्याला एका सद्गुणावर जोर, तेरा आठवड्यांत फेरा पुरा, वर्षात चार फेरे. हिशेब खात्यात जन्म काढलेल्या माणसाला याहून मोठा साक्षात्कार कुठला? पाप-पुण्य खतावणीत मांडता येतं, आणि मांडणारा माणूस विजेवर प्रयोग करणारा! रायर मुलाच्या घरून फ्रँकलिनच्या समाधीवर गेले. क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत त्याच्या फरशीवर लोक नाणी टाकतात. पाचवा सद्गुण काटकसर लिहिणाऱ्याच्या डोक्यावर पैसे उधळलेले बघून रायर संतापले. त्यांनी नाणी उचलली नाहीत, एवढंच, मोजली मात्र.

परत आल्यापासून राजवाड्यातल्या पाहुण्यांना नवा अध्याय ऐकावा लागतो. अमेरिका आणि तंजावर ही जुळी भावंडं, हा तो अध्याय. मी प्रथम हसलो, पण तारखा रायरांच्या बाजूच्या आहेत. १७७३ मध्ये बोस्टनवाल्यांनी कंपनीचा चहा समुद्रात टाकला; त्याच साली अर्काटच्या नवाबानं कंपनीची फौज घेऊन तंजावर घेतलं आणि तुळजाजीराजांना कैद केलं. १७७६ मध्ये तिकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा. इकडे त्याच वर्षी मद्रासचा गव्हर्नर पिगट यानं तुळजाजींना गादी परत दिली, आणि थोड्याच महिन्यांत मद्रासच्या कौन्सिलानं पिगटलाच अटक केली. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढं आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. त्याच्याच कारकिर्दीत, तुळजाजी गेल्यावर, सर्फोजींचं दत्तविधान अशास्त्रीय असं पंडितांनी सांगितलं. काही वर्षांनी पंडितांनी ते सशास्त्र असल्याचं सांगितलं. १७९९ मध्ये महाराजांनी राज्य कंपनीच्या हवाली केलं. त्याच वर्षाअखेर तिकडे वॉशिंग्टन वारले. 'एक भाऊ सुटला, एक सापडला,' रायर म्हणतात, आणि पाहुण्यांपैकी जो अमेरिकन दिसेल त्याच्याकडे भाऊबंदकीच्या नजरेनं बघतात.

नायकाला फ्रँकलिनची वही द्यायची ठरली. ती तंजावरला पोचली कशी? त्याची रायरांना चिंता नव्हती. महाराजांनी कुठकुठून पुस्तकं मागवली, त्यांवर इंग्रजीत सह्या केल्या. डॉक्टर जॉन्सनचा कोश आजही काचेत आहे. बिशप हेबर १८२६ मध्ये भेटून गेला तर त्याच्याशी महाराज लाव्हाझिए आणि लिनेअसवर बोलले, शेक्सपिअरवर मत दिलं. स्वतःच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात त्यांनी कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल सांगवला. भविष्य सांगायला आलेली बाई खंडं आणि देश सांगते, असं नाटक दुसऱ्या कुणी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. 'अशा राजाकडे फ्रँकलिन येणारच!' रायर म्हणाले. मी म्हटलं, येणारच. समोर बसलेल्या माणसाचा 'च' मोडणं मला जमत नाही.

नायकाला देण्याआधी वही स्वतः चालवून पाहणं लेखकाचं कर्तव्य होतं. पहिला आठवडा मिताहाराचा. तो नेमका लग्नसराईत आला. अंबट भाजी, डांगर पचडी, रसवांगी, आणि तिरुवय्यारूहून आणलेला अशोका हलवा. वही मी पाहिली आहे. लाल रेघा, घरं आखीव, आणि त्या आठवड्यात ठिपक्यांचा आकार बदलत गेलेला. सोमवारचा ठिपका चांगला वाटाण्याएवढा. बुधवारचा मोहरीएवढा. शुक्रवारी नुसती पेनाची टोच, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात खुलासा: 'आग्रह.' शनिवारी ठिपकाच नाही, कारण 'पंगत उशिरा, म्हणून रविवारच्या खाती वर्ग.' हिशेब खात्यानं उगाच नाही त्यांना पस्तीस वर्षं सांभाळलं.

मौनाचा आठवडा मामींच्या मते त्यांच्या संसारातला सर्वोत्तम. तो वर्षातून चारदा येतो हे कळल्यावर त्यांनी फ्रँकलिनची जन्मतारीख विचारून घेतली. व्यवस्थितपणाच्या आठवड्यात वही हरवली. फ्रँकलिनलाही हाच सद्गुण सगळ्यात जड गेला होता, तेव्हा रायर त्या आठवड्यात विशेष खुशीत होते. दहावी स्वच्छता, ती वंशपरंपरागत. बारावा सद्गुण मात्र स्त्री-पुरुषांबद्दलचा आहे. तो वहीत लिहायचा कसा? नात वही उघडते. रायरांनी ती ओळ ठेवली आणि तिचं नाव कोरं ठेवलं. अकरावी शांती, तेरावी नम्रता, मध्ये काहीच नाही. कोऱ्या ओळीत दोष मांडता येत नाही, त्यामुळे तिच्यात सालभर एकही ठिपका नव्हता. नम्रतेबद्दल त्यांनी मला राजवाड्याच्या पायरीवर तासभर सांगितलं. त्यांना ती पहिल्याच फेऱ्यात साधली.

पुढं एकदा मुलानं फोनवर सहज सांगितलं की फ्रँकलिनला एक मुलगा लग्नाबाहेरचा होता, आणि आत्मचरित्राची सुरुवात त्यालाच उद्देशून आहे. रायर दोन दिवस राजवाड्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तोड घेऊनच. 'वही त्यानं नंतर सुरू केली असणार. म्हणून तर सुरू केली!'

अशा माणसानं कादंबरीसाठी तंजावर निवडावं, याला काय म्हणावं? बाकी कुठल्याही गावाचा इतिहास धुऊन निघेल. इथं तंजावरच्याच शहाजीराजांची शृंगारपदं आहेत. प्रतापसिंहराजांच्या दरबारातल्या कवयित्री मुद्दुपळनीचं 'राधिका सांत्वनम्' आहे. बंगळूर नागरत्नम्मांनी १९१० मध्ये ते पुन्हा छापलं आणि इंग्रज सरकारनं अश्लील म्हणून जप्त केलं, ते स्वातंत्र्याच्या तोंडावर सुटलं. कोणी संशोधक विद्यार्थिनी मुद्दुपळनीबद्दल विचारते तेव्हा रायर वर बघून सांगतात, 'ती तेलुगू.' राजा मराठी, दरबार मराठी, पगार मराठी. दोष तेवढा तेलुगू. 'शरभेंद्र पाकशास्त्र' ते अभिमानानं दाखवतात आणि मांसाच्या पाककृती आल्या की एकदम दोन पानं उलटतात. सांबार संभाजीमुळे जन्मलं ही गोष्ट मात्र ते प्रत्येकाला सांगतात. तिला कागद नाही, पण ती शाकाहारी आहे.

परवा मी मुक्तांबाळचा विषय काढला. काढायला नको होता असं नाही. पिशवीत एवढी कादंबरी घेऊन फिरणारा माणूस तिच्याबद्दल एक ओळ लिहीत नाही, हे मला कित्येक दिवस खुपत होतं.

रायर आधी गप्प बसले. मग इकडेतिकडे बघितलं, पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि सांगायला लागले. महाराजांची ती प्रिय स्त्री. लग्नाची नव्हे. तरुणपणी गेली. जाताना तिनं दागिना मागितला नाही, वंशासाठी काही मागितलं नाही. माझ्या नावानं अन्नछत्र घाला म्हणाली. महाराजांनी ओरत्तनाडूला १८०२ च्या सुमारास छत्र बांधलं, मुक्तांबाळ छत्रम्. रामेश्वरच्या वाटेवरचा यात्रेकरू जेवायचा, आजाऱ्याला औषध, पोरांना शाळा. राज्य गेलेल्या राजानं कंपनीच्या रेसिडेंटला कळवळून लिहिलं की आमच्या छत्रांना हात लावू नका, तिथं बाळंतिणीलाही आसरा मिळतो, वाटसरूला दूध-तूप मिळतं. बाकी सगळं दिलं आणि छत्रांसाठी भांडला.

हे सांगताना रायरांना ना चिक आठवला ना इसाप. हात हलत होते, आवाज चढत-उतरत होता. भात किती शिजायचा, पानं कशी मांडायची, दुपारच्या घंटेनंतर आलेल्याला काय वाढायचं, सगळं जणू काल जेवून आल्यासारखं. समोरच्या माना डोलावणाऱ्या बाहुल्यांच्या दुकानातला पोरगा गिऱ्हाईक सोडून ऐकत उभा राहिला. त्याला मराठी येत नाही. ऊन पायरीवरून उतरून खाली गेलं, तिकीट खिडकी बंद व्हायची वेळ झाली. मी त्यांची कादंबरी वाचली आहे. तिच्यात असा एक परिच्छेद नाही.

'मग हेच लिहा की,' मी म्हटलं. 'राजा, प्रेम, सुधारणा, सगळं आहे यात. तेही खरं.'

'नाही बसत, सार.'

'का?'

'लग्न झालेलं नव्हतं.' मग जरा थांबून, 'मी एकदा लावून पाहिलं. सतराव्या प्रकरणात. पण लग्न लावलं की ती राणी होते. राणीनं छत्र मागितलं तर त्यात काय मोठं? खजिना तिचाच.'

हे लिहिणाऱ्याला कळलेलं आहे, आणि तरी तो पडद्यापलीकडे पानं उलटत बसतो. मी काही बोललो नाही. तेवढ्यात मामींचा फोन आला, वाटेत कढीपत्ता घ्या म्हणून. रायरांनी फोन ठेवला, खिशातून वही काढली, दिवस संपायच्या आत हिशेब मिटवायचा हा नियम. दोन तास बोलले होते, मौनाच्या घरात ठिपका दिला, नेकीनं, वाटाण्याएवढा. पोऱ्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून न्यायाच्या घरात एक टोच. मग पेन खाली येत येत अकराव्या ओळीवर थांबलं, आणि तिच्याखालच्या कोऱ्या ओळीत शुक्रवारच्या घरात त्यांनी एक ठिपका दिला. पहिलाच.

'हा दोष माझा नाही,' ते म्हणाले. 'विषय तुम्ही काढलात. तुमच्या खाती.' आणि ठिपक्याशेजारी माझ्या नावाचं आद्याक्षर घालून त्यांनी वर तारीख टाकली.